सामान्यांच्या संगणकाची प्रतवारी कोण करणार?

श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर, १८०० साली, लॉर्ड वेलस्ली यांनी फ्रान्सिस बुकॅनन यांना म्हैसूर मुलखाच्या पाहणीवर पाठवले. पिके, तलाव, विणकरांचे व्यवसाय यांबरोबरच त्यांनी ठिकठिकाणची वजने-मापेही टिपून ठेवली. मापच ठाऊक नसेल, तर धान्याच्या आकड्याला अर्थ उरत नाही. नागरिकांच्या हातातील संगणकांबाबत आपली शासनव्यवस्था आज अशाच अर्थहीन आकड्यांवर विसंबून आहे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, शहरांत २३.४, तर ग्रामीण भागात ४.४ टक्के. ही माहिती मोलाची आहे. पण तीत दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आणि काल घेतलेला लॅपटॉप सारखेच मोजले जातात. दुसऱ्या टोकाला, जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांची यादी १९९३पासून वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते. शिखराची उंची आपल्याला माहीत असते. बहुसंख्य लोक ज्या पठारावर राहतात, त्याची नसते.

हे मोजमाप सोपे नाही, हे मान्य. गिगाहर्ट्झचा आकडा प्रोसेसरच्या ठोक्यांची गती सांगतो. प्रत्येक ठोक्यात किती काम होते, हे त्याची रचना, गाभ्यांची संख्या आणि स्मृती यांवर ठरते. म्हणून प्रमाणित चाचण्यांवरून गुण देण्याची पद्धत रूढ झाली. परंतु अशा चाचण्या स्वेच्छेने करणारे बहुधा हौशी आणि नव्या यंत्रांचे मालक असतात. शिवाय सरासरी हीच फसवी गोष्ट आहे. म्हैसूर येथील इन्फोसिसच्या प्रशिक्षण संकुलातील संगणक आणि देवराज मार्केटच्या परिसरातील एखाद्या दुकानातील संगणक एकत्र मोजले, तर येणारा आकडा दोहोंपैकी कोणाचेही वर्णन करणार नाही. धोरणाला सरासरी नव्हे, मध्यक हवा. आणि त्याहून अधिक, तळच्या चतुर्थांशाची स्थिती हवी.

यात पणाला काय आहे? महाराष्ट्रात २०२१पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीद्वारे मोबाइलवर करावी, अशी अपेक्षा आहे. ॲप अडखळले, तर सातबाऱ्यावरील नोंद अडते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सेवा थांबवली. विंडोज ११ साठीच्या अटींमुळे अनेक चालते संगणकही अपात्र ठरले. अशी किती यंत्रे कोणत्या जिल्ह्यांत आहेत, हे केवळ मालकीच्या मोजणीतून कळणार नाही.

बाजारच यंत्रे सुधारील, असे कोणी म्हणेल. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये सिद्ध केलेल्या ‘परम ८०००’च्या गणनक्षमतेला आजचा साधा स्मार्टफोनही मागे टाकतो. तरीही त्याच फोनवर सरकारी अर्ज उघडता उघडत नाही; कारण यंत्राच्या बळाबरोबर संगणकप्रणालींचे ओझेही वाढत गेले.

उपाय खर्चिक नाही. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत उपकरणाच्या खरेदीचे वर्ष, स्मृती आणि प्रणालीची आवृत्ती, असे तीन प्रश्न घालावेत. प्रत्येक शासकीय संकेतस्थळाच्या कंत्राटात, तळच्या चतुर्थांशातील यंत्रावर ते चालवून दाखवण्याची अट असावी. जमाबंदीत सारा ठरवण्याआधी क्षेत्राबरोबर जमिनीची प्रतही पाहत असत. डिजिटल कारभाराचा भार नागरिकावर टाकण्याआधी त्याच्या यंत्राची प्रत पाहणे, एवढे तरी शासनाने करावेच.