ढोलकी संगणकातली, पण कोणाच्या हातची?



बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील वस्त्यांमधून १४ एप्रिलची तयारी पूर्वी वर्गणी, मंडप आणि मिरवणूक यांपासून सुरू होत असे. आता अनेक घरांत ती संगणकापासून सुरू होते. घरातला मुलगा किंवा मुलगी स्वतः गाणे लिहिते, चाल बांधते, माइकवर गाते आणि जयंतीच्या आधीच ते मोबाइलवरून गावभर पोहोचवते. कॅसेटच्या काळात गाणे काढायचे म्हणजे पुण्या-मुंबईचा स्टुडिओ गाठावा लागे. आज हे काम पत्र्याच्या दोन खोल्यांतही होऊ शकते. ही आनंदाची गोष्ट आहे. मुलांच्या या नादाला खूळ म्हणून हिणवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र या नादाबरोबर घरात एक प्रश्नही येतो. ताल धरायला ढोलकीवाला रोज घरी येणार नाही, तेव्हा संगणकात ड्रमचे सॉफ्टवेअर हवे, असे मुले म्हणतात. त्यासाठी काही हजार रुपये मागतात. ऊसतोडीच्या किंवा एमआयडीसीतल्या मजुरीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी काय पाहावे, याचा आज विचार करू.

प्रथम सॅम्पल म्हणजे काय ते समजून घेऊ. खऱ्या वाद्यावर एक आघात करायचा, तो मुद्रित करायचा आणि हवा तेव्हा बटण दाबून वाजवायचा. त्या मुद्रित तुकड्याला सॅम्पल म्हणतात. १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-१ नावाचे यंत्र बाजारात आणले. खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज वाजवणारे ते पहिले ड्रमयंत्र. त्याची किंमत सुमारे ५,००० डॉलर होती. आपल्या ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत जो ऑक्टापॅड दिसतो, त्याचे काम असेच आहे. काडी पडते रबरावर आणि आवाज निघतो यंत्राच्या साठ्यातून. हेच आज साधा लॅपटॉप करतो.

आता बाजारातल्या मालाकडे पाहू. नामांकित ड्रम सॉफ्टवेअरपैकी बरीचशी युरोप-अमेरिकेत तयार होतात आणि तिथल्या संगीतासाठी तयार होतात. स्वीडनच्या टूनट्रॅक कंपनीच्या सुपीरिअर ड्रमर ३ मधील आवाजांचा साठा २३० जीबीहून मोठा आहे. पुष्कळ घरगुती लॅपटॉपांच्या संपूर्ण डिस्कमध्येही तो मावणार नाही. आवाज उत्तम आहेत, यात शंका नाही; पण ते पाश्चात्त्य ड्रमसेटचे आहेत. भीमगीताचा केरवा धरायला, कव्वालीच्या ढंगाचा ढोलक वाजवायला किंवा मिरवणुकीतली हलगी उठवायला त्यांचा उपयोग थोडा. स्वित्झर्लंडच्या स्वर सिस्टिम्सचे स्वरप्लग हे भारतीय वाद्यांसाठी काढलेले सॉफ्टवेअर आहे. तबला-ढोलकासाठी ते अवश्य पाहावे. परंतु आपल्या भागातल्या हाताचे वजन त्यात सापडेलच असे नाही.

याचे कारण वाद्याच्या स्वभावात आहे. ढोलकीची शाईची बाजू गाणाऱ्याच्या पट्टीला लावावी लागते. गाणारा काळी एकमध्ये गातो की काळी चारमध्ये, त्यावर ढोलकी चढते किंवा उतरते. सॅम्पल मात्र एकाच पट्टीत मुद्रित झालेले असते. संगणकाने ते फार वर ओढले की खेळण्यातल्या ढोलकीसारखे पिचके वाजते, फार खाली आणले की ढेपाळते. दुसऱ्या बाजूचा घुमारा तर आघात झाल्यानंतरही हाताच्या दाबाने वर-खाली होत राहतो. एका तुकड्यात तो कसा बसणार? हलगीचेही तसेच. विस्तवावर शेकून चामडे ताणले की आवाज कडक येतो, गार झाली की तीच हलगी बसते.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, आपण स्वतः मुद्रित केलेली वेव्ह फाइल त्यात घालता येते का? येत नसेल तर ते कितीही नावाजलेले असो, आपल्या कामाचे नाही.

दुसरी गोष्ट, एकाच आघाताचे हलके, मध्यम आणि जोरकस असे वेगळे नमुने ठेवता येतात का, आणि ते आलटून-पालटून वाजतात का? माणसाच्या हातचे दोन आघात कधी तंतोतंत सारखे नसतात. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजला की शिलाई मशीन चालल्यासारखे वाटते.

तिसरी गोष्ट, बटण दाबणे आणि आवाज येणे यांत किती वेळ जातो? संगणक आवाज थोडाथोडा साठवून बाहेर सोडतो. सेकंदाला ४४,१०० नमुने हा सीडीचा दर धरला, तर ५१२ नमुन्यांचा साठा भरायला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, १२८ चा भरायला ३ मिलिसेकंदही लागत नाहीत. यात यंत्राचा इतर वेळ मिळतो आणि हात ठेक्याच्या मागे पडू लागतो. म्हणून वाजवताना हा साठा लहान ठेवावा आणि शेवटची मिसळण करताना मोठा करावा.

चौथी गोष्ट, परवाना. विकत घेतलेले सॅम्पल गाण्यात वापरता येते, पण तेच तुकडे पुन्हा सुटे विकण्यास बहुतेक परवाने मनाई करतात. कोणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेली चोरीची प्रत तर घरात आणूच नये. ज्या संगणकावर मुलांचा अभ्यास आणि घराचे कागद असतात, त्यात तिच्याबरोबर व्हायरसही शिरू शकतो.

आता पैशांचे बोलू. सुरुवातीला एक रुपयाही खर्च न करता काम चालते. आवाज मुद्रित करायला आणि कापायला ऑडॅसिटी मोफत आहे. हायड्रोजन हे ड्रमयंत्राचे सॉफ्टवेअरही मोफत असून त्यात आपले तुकडे घालून ठेका बांधता येतो. ॲपलचा संगणक किंवा फोन असेल तर गॅरेजबँड विनामूल्य मिळते. संपूर्ण गाणे बांधायचे झाल्यास रीपर ६० दिवस वापरून पाहता येते आणि वैयक्तिक परवाना ६० डॉलरना मिळतो. तरुणांत एफएल स्टुडिओ फार प्रिय आहे आणि एकदा घेतले की पुढच्या आवृत्त्यांचे पैसे पडत नाहीत. मात्र त्याच्या निरनिराळ्या किमतींच्या आवृत्त्या असतात. आपण घेतो त्या आवृत्तीत माइकवरून गाणे मुद्रित करता येते की नाही, हे आधी पाहावे. दोन-तीन महिने मोफत साधनांवर काम करू द्यावे. मूल टिकून राहिले तर पहिला खर्च सॉफ्टवेअरवर न करता बरा माइक, साउंड कार्ड आणि हेडफोन यांवर करावा.

ढोलकी-हलगीचे सॅम्पल मग आणायचे कोठून? आमचे उत्तर असे की आपल्याच गावातून. बारामती-इंदापूरकडे ढोलकी आणि हलगी वाजवणारे हात अजून आहेत. अशा एखाद्या जाणत्या वादकाला सन्मानाने बोलवावे. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून ढोलकीसाठी भिंतींवर गोधड्या टांगाव्यात आणि पंखा बंद ठेवावा. हलगीसाठी मोकळे शिवार उत्तम. उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ सुरू होण्याआधीची, वारा नसलेली सकाळ धरावी. माइक तीन-चार फूट दूर ठेवावा. सहा प्रकारचे आघात, प्रत्येक तीन जोरांत आणि प्रत्येक जोर चार वेळा, असे ७२ तुकडे होतात. प्रत्येकी दोन सेकंद धरले तर हा सगळा साठा जेमतेम १३ एमबी भरतो. २३० जीबीच्या शेजारी हे काहीच नाही, पण आपल्या गाण्याला त्याचाच उपयोग अधिक. ढोलकी दोन-तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत लावून मुद्रित केली तर ओढाताण करावी लागत नाही. घुमाऱ्याचे तुकडे सुटे न घेता ठेक्याचे पूर्ण आवर्तनच घ्यावे.

येथे एका गोष्टीकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. त्या वादकाला त्याचा मोबदला दिलाच पाहिजे. अमेरिकेत १९६९ साली द विन्स्टन्स या वाद्यवृंदाच्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात ग्रेगरी कोलमन या कृष्णवर्णीय वादकाने काही सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. पुढे सॅम्पलची यंत्रे आली आणि तो तुकडा जगभरच्या हजारो गाण्यांत वापरला गेला. त्यातून कित्येकांनी पैसा आणि नाव कमावले. कोलमन यांना त्यातली रॉयल्टी कधी मिळाली नाही. २००६ साली ते विपन्नावस्थेत वारले.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. हलगी वाजवणे हे गावोगाव मातंग समाजाकडे, आणि काही ठिकाणी महारांकडेही, गावकीचे काम म्हणून लादलेले होते. जत्रा असो, दवंडी असो की मयत असो, बोलावणे आले की जावे लागे. मोबदला म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीची भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडले आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा पुढे १९५८ साली झाला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक घरांनी गावकीची कामे सोडली, ती स्वाभिमानासाठी. म्हणूनच नातवाने भीमगीतात हलगीचा आवाज घातला की एखादे आजोबा आजही अस्वस्थ होतात. नातवाने त्यांच्यावर चिडू नये, त्यांच्याजवळ बसून त्यांनी काय सोसले ते ऐकावे. आमच्या मते वाद्याला जात नसते. अपमान होता तो सक्तीत आणि फुकट राबण्यात. स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या गाण्यासाठी, योग्य दाम घेऊन वाजवलेली हलगी हे कलावंताचे काम आहे. पण त्याच हलगीचा आवाज आपण मोबाइलवर गुपचूप मुद्रित करून गाण्यात घातला, तर ती संगणकातली गावकीच झाली. हे आपल्या हातून तरी होऊ नये.

कायदाही वादकाच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन वादकासह सर्व कलावंतांना सादरकर्त्याचे हक्क मिळाले. त्याच्या संमतीशिवाय त्याचे वादन मुद्रित करून व्यवसायासाठी वापरता येत नाही. तेव्हा साध्या कागदावर चार ओळी लिहाव्यात: कोणते वाद्य, किती रुपये, आपल्याच गाण्यांसाठी की इतरांना देण्यासाठीही, आणि गाण्याखाली वादकाचे नाव येणार की नाही. दोघांच्या सह्या घ्याव्यात. वादकाला वाचता येत नसेल तर त्याच्या घरातल्या कोणाकडून तरी कागद वाचून घ्यावा.

सॅम्पल आल्यामुळे वादकाचे पोट मारले जाईल, ही भीतीही खोटी नाही. त्यावर आम्ही असे सुचवतो की चाल बांधताना आणि सराव करताना संगणकाचा ठेका वापरावा, परंतु मंचावर आणि मिरवणुकीत माणूसच वाजवायला घ्यावा. तेथे गाणाऱ्याचा श्वास पाहून लय सोडणारा आणि लोकांचा उत्साह पाहून ती चढवणारा हात लागतो.

सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव फिरून गात राहिले. त्यांच्यापाशी यांतले कोणतेच साधन नव्हते, पण शब्द आणि चाल होती. आपल्या मुलांनीही आधी शब्द आणि चाल यांवर मेहनत घ्यावी. आईवडिलांना आमचे सांगणे इतकेच की मुलाने किंवा मुलीने सॉफ्टवेअरसाठी पैसे मागितले, तर रागावू नका आणि लगेच देऊही नका. आधी मोफत साधनावर एक गाणे पूर्ण करायला सांगा. मग त्या रकमेतला पहिला भाग गावातल्या ढोलकीवाल्याच्या हातावर ठेवा आणि गाण्याखाली त्याचे नाव लिहायला लावा.