बंबाचे आयुष्य कशाने मोजावे?

आगीचा जुना बंब दुरुस्त करून, पितळी घंटा घासूनपुसून लोकांपुढे मांडला की गर्दी जमते. यात गैर काही नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीची आग विझवताना झालेल्या स्फोटांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्या काळचा बंब जपणे म्हणजे त्या श्रमिकांची स्मृती जपणे होय. प्रश्न एवढाच की, आपण यंत्र जपतो, पण ज्या कामामुळे ते टिकले त्या कामाची किंमत ओळखतो काय?

बंब धावतो थोडा आणि उभा राहून राबतो फार. त्याचा पंप गाडीच्याच इंजिनावर चालतो; त्यामुळे आगीच्या जागी चाके स्थिर असताना इंजिन तासन्‌तास फिरत राहते. म्हणून त्याचे आयुष्य मैलांवरून कळत नाही, केवळ वर्षांवरूनही कळत नाही. रोज इंजिन सुरू करून पाहणे, पंप तपासणे, होज वाळवणे, खाऱ्या हवेने चढणारा गंज काढणे, या नित्यकर्मावर ते अवलंबून असते. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी व महापालिकांच्या वाहनांची नोंदणी पुढे न चालवण्याचा केंद्राचा नियम लागू झाला. धुराच्या दृष्टीने तो समजण्याजोगा आहे. परंतु नव्या खरेदीचा समारंभ होतो, देखभालीचा होत नाही. अंदाजपत्रकात म्हणूनच तिच्यावर प्रथम कात्री चालते.

हीच गोष्ट इमारतींची. १९५७ साली बृहन्मुंबईत आलेल्या गोरेगावात ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे ‘जय भवानी’ या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील इमारतीला आग लागली. खाली उभी वाहने जळाली, धूर वर चढला आणि किमान सात जणांचा बळी गेला. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याने आगप्रतिबंधक यंत्रणा चालू ठेवून वर्षातून दोनदा तसे प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी मालक व रहिवाशांवर टाकली आहे. मलबार हिलवरील सोसायटीला हे जड नाही. पण रोजच्या कमाईवर जगणाऱ्या कुटुंबांच्या सोसायटीत लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांचेच बिल भागता भागत नाही. आगीच्या पंपासाठी पैसा कोठून यावा?

आग मालकीची भिंत ओळखत नाही. एका इमारतीची सुरक्षा शेजारच्या वस्तीचीही सुरक्षा असते. म्हणून पुनर्वसन इमारतींतील यंत्रणेची तपासणी व दुरुस्ती महापालिकेने सार्वजनिक खर्चाने करावी, आणि बंबांच्या व या यंत्रणेच्या देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखवावी. तसे झाले तर ती तरतूद कोणी आणि किती कापली, हे नागरिकांना दरवर्षी विचारता येईल.