यंत्राला जामीन कोण?

लाकडे कापायची चेन-सॉ विकत घ्यायला जाताना बरोबर कोणाला न्यावे, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, बँकेतला कर्जखात्याचा कारकून न्यावा. सुतार नको, मेकॅनिक नको, आणि ज्याच्याकडे आधीपासून ती मशीन आहे असा माणूस तर मुळीच नको. आपण फसलो हे कबूल करण्यापेक्षा दुसराही फसलेला बघणे माणसाला जास्त आवडते.

मी कॉमर्सचा पदवीधर. यंत्रांपैकी मला स्टेपलर तेवढा समजतो, तोही पिना भरलेल्या असतील तर. पण विश्वास कोणावर टाकावा आणि कोणावर टाकू नये, हे ठरवण्याचा पगार मला गेली वीस वर्षे महिन्याच्या महिन्याला मिळतो. आणि तरीसुद्धा एका मशीनने मला फसवले. फसवले तरी कसे म्हणू? मीच दुकानाची पायरी चढून फसायला गेलो. त्याची ही हकीकत, आणि त्यातून माझे साऱ्या गावाशी जुंपलेले भांडण.

आमचे मूळ घर श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दोन पिढ्यांनी लावलेली आमची वाडी एका दुपारी आडवी झाली. सुपाऱ्या काड्यांसारख्या मोडल्या. नारळ गेले. न्हाणीघरामागचा रायवळ आंबा तर मुळासकट उपटून असा पडला, की घरात जायला त्याच्या फांद्यांतून वाकून जावे लागे. सुपाऱ्या-नारळांची विल्हेवाट कशीबशी लागली. आंब्याचे ओंडके मात्र वाडीतच राहिले. काका त्यांच्याकडे बघून म्हणाले, "चला, दहा वर्षांच्या बंबाची सोय झाली."

आमचे काका ऐंशीच्या पुढचे. घरात गॅस आहे, पण त्यांच्या मते गॅसवरच्या पाण्याने अंग ओले होते, आंघोळ होत नाही. आंघोळीला बंबाचेच पाणी लागते, आणि बंबाला लागतात ढलप्या. इतकी वर्षे त्या आमचे तात्या फोडून देत. हे तात्या नात्याचे नव्हेत, पण माझ्या जन्माच्या आधीपासून वाडीत आहेत. पण मनगटाएवढ्या फांदीचे सरपण करणे वेगळे आणि दोघांच्या कवेत न मावणाऱ्या आंब्याचे तुकडे करणे वेगळे. तेव्हा मशीन घ्यायची असे आमच्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, ठरवले. हिशेबाला म्हणून मला बरोबर घेतले.

पहिले भांडण इथेच. गावात ज्याला त्याला विचारले, त्याने एकच शब्द उच्चारला, "सीसी!" पूर्वी लग्नाच्या बाजारात मुलाचा पगार विचारीत, तसे आता मशीनचे सीसी विचारतात. तीस? छे, पोरखेळ! चाळीस? बरी. अठ्ठावन्न म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरते. दुकानदारानेही ५८ सीसीची, २२ इंची पात्याची, शेंदरी रंगाची एक मशीन काउंटरवर आपटली आणि म्हणाला, "साहेब, रानातला साग कापेल ही." अहो, पण आम्हांला रानातला साग कापायचा नव्हता! (सागच काय, आंबा-फणसासारखी उभी झाडे तोडायलासुद्धा १९६४च्या कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते, हे त्याने सांगितले नाही. आमचा आंबा निदान वाऱ्याने पाडला होता.) आम्हांला आडवे पडलेले ओंडके काकांच्या बंबाला चालतील एवढे करायचे होते.

किंमत साडेसात हजार. वर कव्हर फुकट, ऑइलची बाटली फुकट, आणि सहा महिन्यांची वॉरंटी. शेजारीच नावाजलेल्या कंपनीची, तिसाच्या आसपास सीसीची, १४ इंची पात्याची छोटी मशीन होती. किंमत तिपटीहून जास्त. आता अर्ध्या सीसीला तिप्पट पैसे कोणता कॉमर्स ग्रॅज्युएट देईल? मी तिथल्या तिथे मनातल्या मनात दर सीसीचा भाव काढला आणि स्वतःवरच खूश झालो.

आता इथे मी कारकून म्हणून बोलतो. उद्या माझ्या टेबलासमोर एखादा अर्जदार येऊन म्हणाला, "माझे उत्पन्न महिना दोन लाख," तर मी त्याला लगेच कर्ज देईन का? मी विचारीन, पुरावा काय? मशीनवर चिकटवलेला सीसीचा आकडा म्हणजे अर्जदाराने स्वतः सांगितलेले उत्पन्न. ते समजा खरेच निघाले, तरी जे काम आहे त्याला ते हवे का? घरच्या सरपणाला तीस ते चाळीस सीसी आणि १४ ते १६ इंची पाते पुरते. ओंडका जाड असेल तर एका बाजूने अर्धा आणि दुसऱ्या बाजूने अर्धा कापावा. पाते जितके लांब तितके वजन जास्त, कानशीने घासायचे दात जास्त, आणि ते लांबवरचे टोक कुठे टेकते आहे ते कळणे कठीण. त्या टोकाचे पुढे सांगणारच आहे.

तर मशीन तीन दिवस सुरेख चालली. सगळी वाडी दणाणली. चौथ्या दिवशी पाऊस लागला, म्हणून दादाने कव्हर घालून ती पडवीत ठेवली, टाकीत पेट्रोल तसेच. गणपती झाल्यावर बाहेर काढली, दोरी ओढली. मशीन गप्प. दादाने ओढली, मी ओढली, शेजाऱ्यांनी येऊन ओढली. त्या दिवशी त्या दोरीला हात लावला नाही असा माणूस आमच्या आळीत नसेल. पुढे एका जाणत्या मेकॅनिकने समजावले, की ही टू-स्ट्रोक इंजिने पेट्रोल आणि ऑइलच्या मिश्रणावर चालतात. कंपनीने सांगितले असेल ते प्रमाण पाळायचे. पन्नासास एक असेल तर लिटरला २० मिलिलिटर. आणि मिश्रण महिन्याभरापेक्षा जास्त ठेवायचे नाही. आता तर पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवेत ओलाव्याशिवाय दुसरे असते तरी काय? म्हणून ठेवताना टाकी रिकामी करून ठेवावी. एवढी साधी गोष्ट दुकानदाराने सांगितली नव्हती. त्याने सांगितली ती वॉरंटी. आणि वॉरंटीचा पत्ता निघाला थेट दुसऱ्या राज्यातला. पार्सल आपल्या खर्चाने. बँकेच्या भाषेत याला 'जामीनदार परगावी' म्हणतात आणि असा अर्ज आम्ही साहेबांच्या टेबलापर्यंतसुद्धा जाऊ देत नाही.

कार्बोरेटर साफ करून घेतल्यावर मशीन सुरू झाली, पण कापीना. नुसता धूर आणि पिठासारखा भुसा. मला वाटले, काय बारीक काम करते आहे! मेकॅनिक हसला. म्हणाला, "साहेब, धार असली की कीस पडतो, धार गेली की पीठ पडते." या चेनच्या दाताची गोष्ट मोठी मजेदार आहे. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडत होता. फोडता फोडता त्याला लाकडात एक अळी दिसली. ती डावीकडे-उजवीकडे असे आळीपाळीने कुरतडत सरळ पुढे चालली होती. त्याने तिच्या जबड्याची नक्कल करून चेनचा दात घडवला, आणि पुढच्याच वर्षी त्याचा धंदा सुरू झाला. आजच्या चेन त्याच वंशातल्या. अळीला देवाने धार दिली आहे. आपल्याला ती गोल कानशीने, प्रत्येक दाताला सारखे हात मोजून लावावी लागते. आमच्या मशीनची चेन वेगळ्याच मापाची होती. तिची कानस तालुक्यात मिळेना, आणि दुसरी चेन जिल्ह्यात मिळेना.

इथवर सगळे हसण्यावारी नेण्यासारखे आहे. आणि मी तसेच नेत होतो.

त्याच मार्गशीर्षातली गोष्ट. तात्या ओंडका कापत होते. अंगात बंडी, खाली गुडघ्यापर्यंत पंचा, पायात रबरी सपाता. त्या २२ इंची पात्याचे टोक पलीकडच्या, नजरेआड असलेल्या फांदीला टेकले. पात्याच्या टोकाचा वरचा भाग असा लाकडाला लागला की मशीन उसळून कापणाऱ्याच्याच अंगावर येते. हा मशीनचा दोष नव्हे, स्वभाव आहे, मग ती कितीही महाग असो. म्हणून तर पुढच्या हँडलसमोर एक दांडा असतो. उसळी बसली की तो पुढे ढकलला जातो आणि चेन जागच्या जागी थांबते. आमच्या मशीनलाही दांडा होता. दुकानात मी तो हलवूनही पाहिला होता, छान टक् वाजला होता. पण मशीन चालू करून तो चेन थांबवतो का, हे पाहिले नव्हते. तो थांबवीत नव्हता. तात्या बाजूला झुकले म्हणून तोंड वाचले. खाली येताना फिरती चेन सपातेवरून गेली. अंगठ्याचे नख गेले, सात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात निभावले." त्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आता खरे सांगायचे ते सांगतो. खरेदीच्या दिवशी दादाने यादीत एक ओळ लिहिली होती, 'तात्यांना बूट, चष्मा, हातमोजे.' दुकानात जाड विजारही होती. तिच्यात लांब तंतूंचे थर असतात. चेन लागली की तंतू ओढले जाऊन आत दातेरी चाकात गुंततात आणि चेन अडते. दादा त्या विजारीकडे बोट दाखवत होता, आणि मी ती ओळ खोडली. माझ्या या हाताने. शेजारी शेराही लिहिला, 'अनुत्पादक खर्च'. मशीनला पावसाचा थेंब लागू नये म्हणून कव्हर घेतले, आणि तात्या साठ वर्षे सपाता घालत आले आहेत, तेव्हा त्यांच्या पायाला काय होणार?

म्हणून माझे भांडण सीसीवाल्यांशी आहे, तसे ते त्या दिवशीच्या माझ्याशीही आहे. 'दणकट मशीन' म्हणून आपण जिचे कौतुक करतो, ती दणकट कोणासाठी? आपण विकत घेतो, दुसरा चालवतो. किंमत आपण बघतो आणि उसळी तो खातो. ताळेबंदात ही बाजू कुठेच दिसत नाही, कारण अंगठा मत्तेत धरायची पद्धत नाही.

काही सज्जन म्हणतात, त्यापेक्षा आपली कुऱ्हाडच बरी. त्यांना माझे नम्र सांगणे, की त्यांनी एक दिवस कवेत न मावणारा आंबा कुऱ्हाडीने आडवा कापून दाखवावा. उभे फोडायला कुऱ्हाड आणि पाचर, आडवे कापायला करवत, अशी मुळातच वाटणी आहे. दुसरे म्हणतात, विजेवरची घ्या. जरूर घ्या. घराला लागून थोडेसेच काम असेल तर ती चांगलीच, कार्बोरेटरची कटकट नाही. पण आमच्या वाडीच्या टोकापर्यंत वायर पोहोचत नाही आणि वादळानंतर आम्ही कित्येक दिवस अंधारात काढले आहेत. ज्या दिवशी झाड पडते, त्याच दिवशी वीज जाते.

तेव्हा माझी अट एवढीच. यंत्राची पत तपासायची ती माणसाची तपासतो तशी. काम किती, हे आधी ठरवा. दुरुस्ती करणारा एस.टी.च्या एका तिकिटात गाठता येतो का, ते बघा. चेन, कानस, प्लग आज, या दुकानात मिळतात का, हे विचारा. मशीन चालू करायला लावा आणि ब्रेकने चेन थांबते का, हे डोळ्यांनी बघा. जो दुकानदार चालू करून दाखवत नाही, त्याला नमस्कार करून बाहेर पडा. आणि चालवणाऱ्याचे बूट, विजार, चष्मा, कानाचे बोळे हे सगळे मशीनच्याच किमतीत धरा. तेवढे परवडत नसेल, तर मशीनच परवडत नाही असे समजा.

आम्ही पुढे ती शेजारची छोटी मशीन घेतली. गेली काही वर्षे ती बिनतक्रार चालते आहे. तात्यांना बूट आणि विजारही घेतली. पहिल्याच आठवड्यात मी गावी गेलो तर तात्या सपाता घालून कापताहेत. बूट कुठे आहेत म्हणून विचारले, तर जुन्या मशीनच्या फुकट मिळालेल्या कव्हरात नीट गुंडाळून फळीवर ठेवलेले! "चिखलानं खराब होतील, भाऊ. पुतणीच्या लग्नात घालीन म्हणतो."

मी तासभर व्याख्यान दिले. तात्या मान डोलावत राहिले. वहिनी ओटीवर तांदूळ निवडीत ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी दादाकडून मशीनचा प्लग काढून घेतला आणि मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवून दिला. आता तात्यांना लाकडे कापायची असली की आधी स्वयंपाकघराच्या दारात यावे लागते. वहिनी खाली पायांकडे बघतात. बूट दिसले तर प्लग मिळतो, नाहीतर काकांची त्या दिवशीची आंघोळ गॅसवर.

वीस वर्षांत मी पुष्कळ जामीनदार पाहिले. असा एकही नव्हता.