एक टन उसाचा गेम

मित्रहो, सुरुवातीलाच माफी मागून टाकतो. पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या वेलांट्या कधी इकडे तर कधी तिकडे पडतात. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण हा विषय मला मराठीतच सुचला, कारण ज्या वाक्यामुळे लिहायला बसलो ते वाक्य आमच्या आबांनी जेऊरला घराच्या ओट्यावर बसून म्हटलं होतं.

गोष्ट सेकंड इयरची. एक नवीन गेम त्या रात्री रिलीज होणार होता. (नाव सांगत नाही, चूक गेमची नव्हती.) आमच्या अख्ख्या विंगमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. नेमके त्याच दिवशी पप्पांनी मेसचे पैसे खात्यावर टाकलेले. रात्रीचे साडेअकरा, बाजूला चार मित्र, समोर लॅपटॉप. "घे रे, मेसचं बघू नंतर!" मोबाईल काढला, यूपीआयचा पिन टाकला, तीन हजार गेले.

गेम सुरू झाला तो बैलगाडीच्या स्पीडने. माझ्या लॅपटॉपला तो झेपणारच नव्हता, हे पानावर स्पष्ट लिहिलं होतं. वाचतो कोण? पहाटे चारपर्यंत सेटिंग बदलत बसलो आणि त्या नादात पैसे परत मिळायची मुदतही स्वतःच्या हाताने घालवली. पुढचा महिना वडापाव, पोहे आणि मित्रांच्या ताटातली एकेक पोळी यावर काढला. भुकेचं एवढं काही नाही हो. पण रोज रात्री नऊला आईचा फोन यायचा, "जेवलास का?" आणि मी म्हणायचो, "हो." ते "हो" फार जड जायचं.

दिवाळीला गावी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. पप्पा काहीच बोलले नाहीत. आबांनी मात्र विचारलं, "किती पैसं पडलं त्या खेळाचं?" म्हटलं, "तीन हजार." आबा क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजी एक टन ऊस खेळलास की रं!"

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री झोप येईना.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जेऊर म्हणजे करमाळा तालुका, पुणे-सोलापूर रेल्वेलाईनवरचं गाव. उजनीच्या पाण्यावर आमच्या भागात ऊस आणि केळी उभी आहे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने उसाचा एफआरपी क्विंटलला 355 रुपये ठरवला, म्हणजे टनाला 3,550. तोही 10.25 टक्के उतारा धरून. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. आणि आडसाली ऊस असेल तर दीड वर्ष शेतात उभा! आज नवा मोठा गेम तीन ते पाच हजारांना पडतो. पीएस फाइव्हच्या तर कितीतरी गेमवर 4,999 छापलेलं असतं. आबांचा हिशोब म्हणजे टोमणा नव्हता, तो अगदी बरोबर होता.

शाळेत आमच्या सिस्टर वहीच्या पहिल्या पानावर वर्गाचे नियम लिहायला लावायच्या. तेव्हा राग यायचा. होस्टेलला परत आल्यावर मी मॅथ्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच पाच नियम लिहिले. ते असे.

नियम पहिला : भाव उसात मोजायचा. रुपये आकड्यात दिसतात तेव्हा काही वाटत नाही. "पाऊण टन" म्हटलं की डोळ्यापुढे तोडणीवाले आणि ट्रॉली उभी राहते. तुमच्याकडे ऊस नसेल तर वडिलांच्या पगाराचे दिवस मोजा, दुकानातली गिऱ्हाइकं मोजा. आणि जो गेम घरच्या मापात सांगायला लाज वाटते, तो घ्यायचा नाही.

नियम दुसरा : पैसे माझे पाहिजेत. मेसचे, परीक्षा फॉर्मचे, पुस्तकांचे पैसे माझ्या खात्यावर असतात, पण ते माझे नाहीत. सुट्टीत गावी शाळेतल्या दोन मुलांना गणित शिकवतो, त्याचे जे मिळतात ते माझे. त्यात बसला तर गेम, नाहीतर राम राम!

नियम तिसरा : रिलीजच्या दिवशी नाही, आणि आगाऊ बुकिंग तर नाहीच नाही. इथे आपल्या पुण्याचंच उदाहरण आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या जुन्या गेमचा नवा अवतार युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करणार, असं सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर झालं. आपल्या पोरांना केवढा अभिमान! जानेवारी 2021 ही तारीख होती. ती मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे गेली, आणि मे 2022 मध्ये काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवलं गेलं. अभिमान वाटणं वेगळं आणि आगाऊ पैसे टाकणं वेगळं. थांबल्याने आपलं काय बिघडतं? चार लोक खेळून सांगतात, चुका दुरुस्त होतात, भावही उतरतो. स्टीमचा विंटर सेल डिसेंबरच्या शेवटी असतो, तोवर आपले बहुतेक पेपर संपलेले असतात. इतकी चांगली सोय कुणी केली असती? हवा असलेला गेम मी तारीख टाकून वहीत लिहितो. महिन्यानंतरही तितकाच हवासा वाटला तरच विचार. बऱ्याच वेळा नाव वाचून मलाच आठवत नाही की हा का लिहिला होता!

यातच एक पोटनियम. स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मागता येतात. म्हणून पहिल्या दोन तासांत फक्त एवढंच बघायचं की आपल्या मशीनवर तो नीट चालतो का आणि आपल्याला आवडतो का. (कारखान्यानेही उसाचे पैसे 14 दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. आबांना हा योगायोग सांगितला तर ते नुसतेच हसले.)

नियम चौथा : आधीचा संपल्याशिवाय नवा नाही. सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून दहा गेम घेऊन ठेवणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यातले आठ उघडलेलेही नसतात. लायब्ररीत एका कार्डावर मोजकीच पुस्तकं मिळतात, तसंच हे. शिवाय गेमची खरी किंमत पैशात नसून तासांत असते. साठ तासांचा गेम म्हणजे एका विषयाची अख्खी तयारी. सेमिस्टरच्या मध्यात तो फुकट मिळाला तरी महागच.

नियम पाचवा : क्रॅक नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढा हिशोब करतोस त्यापेक्षा सीनियरच्या हार्ड डिस्कवरून कॉपी कर की! केलंय मी ते. क्रॅकबरोबर व्हायरस येतो, फॉरमॅट मारावा लागतो, सबमिशनच्या फाईली जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण माझं कारण वेगळं आहे. नागराज मंजुळे आमच्या जेऊरचे. 'सैराट' एप्रिल 2016 मध्ये आला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. आपल्याच तालुक्यात शूटिंग झालेला सिनेमा, आणि मी तो पहिल्यांदा पाहिला कुठे? चुलतभावाच्या मोबाईलवर, मेमरी कार्डातल्या चोरीच्या कॉपीत! तेव्हा काहीच वाटलं नाही. आज उद्या स्वतः सॉफ्टवेअर लिहून पोट भरायचं म्हणतोय, तेव्हा वाटतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या टीमने 'राजी' नावाचा गेम केला. भावाला शोधत निघालेल्या एका मुलीची गोष्ट आहे. 2017 मध्ये त्यांनी लोकांकडून निधी मागून पाहिला, तो पुरा जमला नाही. तरी चिकाटीने 2020 मध्ये गेम आणला. पाच-सहा तासांत संपतो. शिकवणीच्या पैशातून मी पहिला घेतला तो हाच, आणि विंगमधल्या पोरांना बोलावून दाखवला.

काही सर म्हणतील, नियम कशाला, गेम खेळूच नका ना! सर, आदर ठेवून सांगतो, हे कुणी ऐकणार नाही. सिनेमाचं तिकीट काढलं, कादंबरी घेतली तर कुणी रागवत नाही. गेमही कुणीतरी मेहनतीने बनवलेली गोष्टच आहे. उलट "खेळूच नका" म्हटलं की पोरगं लपून घेतं, आणि लपून घेतलेल्या वस्तूचा हिशोब कुणाला द्यावा लागत नाही. माझंही तसंच झालं होतं.

आणि मित्रांनो, तुम्ही म्हणता नियमांनी मजा जाते. मला तसं वाटत नाही. रात्री साडेअकराला चार जण पाठीमागे उभे असताना माणूस विचार करूच शकत नाही. तो विचार आधी, एकट्याने, दिवसाउजेडी करून ठेवायचा. नियम म्हणजे एवढंच. या पूर्ण वर्षात मी दोनच गेम घेतले. दोन्ही शेवटपर्यंत खेळलो आणि दोन्हींचे भाव आबांना सांगितले. दुसरा ऐकून ते म्हणाले, "हां, मोळीभर हाय. चालतंय."

वहीचं ते शेवटचं पान अजून अर्धं रिकामं आहे. कुणाला सहावा नियम सुचला तर जरूर सांगा. रात्री नऊच्या सुमारास मेसमध्ये भेटा. हल्ली आईचा फोन मी तिथेच घेतो.