कॉलेजच्या शेतीला मे महिन्यात पाणी कोण घालणार?




गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आम्ही नेहमीप्रमाणे गप्पा मारत उभे होतो. शेती विषयाची पदवी घेणारी आमच्यातलीच एक मुलगी सांगत होती, त्यांच्या कॉलेजच्या पडीक जागेवर मुलामुलींनी स्वतः चालवायची विषमुक्त शेती सुरू करायचे घाटते आहे. सगळ्यांनी कौतुक केले. मी पडले मास्तरीण. माझ्या तोंडून निघाले, "ते छानच गं, पण मे महिन्यात पाणी कोण घालणार?" सगळे हसले. मी मात्र थट्टेने विचारले नव्हते. माझे हात पोळलेले आहेत.

मी शिकवत असताना शाळेच्या मागच्या जागेत मुलांकडून वाफे करून घेतले होते. ऑक्टोबरात मेथी, पालक, मुळा लावला. जानेवारीत बघत राहावे असे हिरवेगार झाले, पाहुण्यांना नेऊन दाखवले, फोटो काढले. मार्चपासून परीक्षा, मग सुट्टी. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तिथे भेगाळलेली काळी जमीन आणि बकऱ्यांच्या लेंड्या. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी मुलांनीच विचारले, "मिस, परत कशाला?"

दुसरी चूक याहून मोठी. उशिरा येणाऱ्याला मी दोन वाफे खणायची शिक्षा देत असे. एके दिवशी एका मुलाचे वडील आले. ते बांधकामावर मजुरी करायचे. रागावले नव्हते, हात जोडून म्हणाले, "मॅडम, मिट्टी तो हम ढोते ही हैं. इसको पढ़ने भेजा है." मला उत्तर देता आले नाही. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची माती उपसली, त्याच्या मुलाला मी खणणे ही शिक्षा म्हणून देत होते. मग श्रमाची प्रतिष्ठा कुठल्या तोंडाने शिकवायची?

याचे उत्तर मला पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामात सापडले. त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कराडजवळच्या काले गावात. (आपल्या लोकांना गंमत वाटेल, ४ ऑक्टोबर हा असिसीकर संत फ्रान्सिसचा सण.) १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले. सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची आणि कामेही सगळ्यांनीच करायची. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. शेतात राबायचे आणि त्या कष्टावर शिकायचे.

फरक लक्षात घ्या. तिथे खणणे ही शिक्षा नव्हती आणि शोभाही नव्हती. त्या कामातून फी निघत होती, भाकरी निघत होती. माझ्या वाफ्यांतून काय निघत होते? फोटो.

आपल्या ख्रिस्ती परंपरेतही असे उदाहरण आहे. अलाहाबादला अर्थशास्त्र शिकवणारे सॅम हिगिनबॉटम हे अमेरिकन मिशनरी. भुकेल्या खेड्यांना नुसते अर्थशास्त्र पुरणार नाही हे पाहून ते शेती शिकायला पुन्हा अमेरिकेला गेले, स्वतः विद्यार्थी झाले आणि यमुनेच्या काठी नैनी इथे त्यांनी शेतीची संस्था उभी केली. तिचे स्थापनेचे साल १९१० धरतात. तिथे सुधारलेल्या एका नांगराचे नाव होते 'शाबाश'! कृषी अभियांत्रिकीची पदवी देशात पहिल्यांदा तिथेच, १९४२ साली सुरू झाली. पुढे ते विद्यापीठ झाले. अमेरिकेतही केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजात फी घेत नाहीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला निदान दहा तास काम करावे लागते. कॉलेजची शेती १८७१ पासून चालू आहे. काम सगळ्यांना.

इथेच आपल्याकडे घोडे अडते. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' आजही आहे, तासाप्रमाणे पैसे मिळतात, कित्येक मुले त्यावरच शिकतात. पण योजना गरजूंची म्हणून बाकीच्यांनी बागेत हात घालायचा नाही, असा तिचा अर्थ होऊन बसला आहे. ज्याच्या हातात खुरपे तो गरीब, हे सगळ्या वर्गाला कळते. असे असेल तर श्रमाची प्रतिष्ठा वाढत नाही, उलट कमी होते.

कोणी म्हणेल, शेती शिकायची तर कृषी महाविद्यालये आहेत, बाकीच्यांना हा खटाटोप कशाला? आम्हा भोपाळकरांना हे सांगावे लागू नये. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री ज्या कारखान्यातून वायू सुटला, तिथे सेव्हिन नावाचे कीटकनाशक तयार होत होते. ते शेतावर फवारायचेच होते. आम्ही पिपलानीत त्या मानाने लांब, पण जुन्या शहरातली आपली किती माणसे गेली आणि किती जन्माची धापा टाकत राहिली, ते जवळून पाहिले. आपल्या ताटातली भाजी कशी पिकते हे फक्त शेतकऱ्याने आणि कारखान्याने बघावे, असे निदान या गावातल्या शिकल्यासवरल्या माणसाने म्हणू नये. उद्या डॉक्टर, वकील, बँकेतला साहेब होणाऱ्या मुलाने एकदा तरी कीड हाताने वेचावी, म्हणजे फवारणी का होते आणि तिच्याविना पीक काढणे किती कष्टाचे आहे, हे दोन्ही त्याला कळेल.

म्हणून त्या मुलीला आणि आपल्या ज्या ज्या संस्थांकडे मोकळे आवार आहे त्यांना मी चार गोष्टी सुचवते.

पहिली, पीक कॉलेजच्या वेळापत्रकाशी जुळवा. आपल्याकडे सोयाबीन पेरायचे ते पाऊस पडल्यावर, जूनच्या अखेरीला, तेव्हा प्रवेशाची धावपळ असते. गहू कापणीला येतो तो मार्च-एप्रिलमध्ये, ऐन परीक्षेत. मुलांनी हिवाळी भाज्यांपासून सुरुवात करावी. ऑक्टोबरात लावा, फेब्रुवारीपर्यंत काढा. मे-जूनमध्ये जमीन पालापाचोळ्याने झाकून ठेवा. झाडांना पाणी घालणाऱ्याचे नाव आणि त्याचा पगार आधीच कागदावर लिहा.

दुसरी, काम सर्व शाखांच्या, सर्व धर्मांच्या, सर्व घरांच्या मुलामुलींना सारखे द्या. त्याचे गुण किंवा पैसे द्या आणि शिक्षा म्हणून कधीही देऊ नका.

तिसरी, हिशेबाची वही मुलांच्याच हातात ठेवा. बियाणे कितीचे, भाजी कितीची, तोटा किती. तोटा झाला तर तोही सूचनाफलकावर लावा. कांद्याचा भाव पडला की शेतकऱ्याचे काय होते, हे पुस्तकापेक्षा त्या वहीतून लवकर कळेल.

चौथी, होस्टेलच्या खानावळीतले उष्टे-खरकटे खतात जावे आणि तिथली भाजी त्याच खानावळीत शिजावी. स्वतः लावलेला पालक मुले ताटात टाकत नाहीत, एवढे मी त्या तीन वर्षांत नक्की पाहिले.

आणि संस्थाचालकांना एक विनंती. आवारातली मोकळी जमीन दिसली की आपल्याला पेव्हर ब्लॉक, पार्किंग किंवा नवी इमारत सुचते. ही जमीन पूर्वीच्या माणसांनी पुढच्या पिढीसाठी राखली. त्यातली अर्धा एकर पाच वर्षांसाठी मुलांच्या नावे लिहून द्या. एका वर्षात काही दिसणार नाही. पहिल्या उन्हाळ्यात सगळे वाळेलही. तेव्हा माझ्यासारखे तिसऱ्या वर्षी सोडू नका.

ती मुलगी जाताना म्हणाली, "मिस, मे महिन्यात मी इथेच आहे, मी घालीन पाणी." मी तिला सांगितले, तू एकटी घालू नकोस, पाळी लाव. माझी आठवड्याची एक सकाळ तिच्यात लिही. गुडघे दुखतात, पण पाइप धरता येतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पिपलानी, भोपाळ