शरीराची कणगी पावसाळ्याआधी भरा

चरबी हा शब्द आपल्याकडे शिवीसारखाच वापरला जातो. ‘फार चरबी चढली आहे त्याला’ असे आपण सहज म्हणून जातो. आरोग्यविषयक लेखही बहुधा चरबी घटविण्याचेच उपाय सांगतात. जव्हार-मोखाडा भागात दवाखाना चालविणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला मात्र आज चरबीची बाजू मांडावीशी वाटते.

अन्नातून मिळालेली सगळी शक्ती त्याच दिवशी खर्च होत नाही. उरलेली शक्ती पेशी दोन प्रकारांनी साठवतात. पहिला साठा ग्लायकोजेनचा. साखरेचे कण एकमेकांना जोडून तो तयार होतो आणि यकृतात व स्नायूंत राहतो. प्रौढ माणसाच्या यकृतात तो जेमतेम १०० ग्रॅम असतो व एका दिवसाच्या कडक उपवासात बहुतेक संपतो. लहान मुलाचा त्याहूनही लवकर संपतो. शिवाय ग्लायकोजेन आपल्या वजनाच्या सुमारे तिप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे त्याचा मोठा साठा शरीराला परवडत नाही.

दुसरा, दीर्घ मुदतीचा साठा चरबीचा. चरबीच्या पेशीत चरबीचा एकच मोठा थेंब जवळजवळ सगळी जागा व्यापतो. एक ग्रॅम चरबीतून ९ कॅलरी मिळतात, तर पिष्टमय पदार्थांच्या एका ग्रॅममधून ४. आपल्याकडच्या खुरासणीच्या आणि मोहाच्या बीमध्ये तेल असते तेही याचसाठी. कोंबाला पाने फुटेपर्यंतची ती शिदोरी असते. थोडक्यात, ग्लायकोजेन म्हणजे डब्यातले रोजचे पीठ आणि चरबी म्हणजे कणगीतले धान्य.

आता हिशेब पाहा. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. वर्षाच्या मुलाला दिवसाला साधारण ७०० ते ८०० कॅलरी लागतात. म्हणजे ही एक किलो चरबी त्याची दहा दिवसांची बेगमी झाली. पावसाळ्यात हगवण किंवा ताप आला की मूल खात नाही आणि तापाने शक्तीचा खर्च उलट वाढतो. कणगी भरलेली असेल तर मूल आठवडाभर सुकते आणि पुन्हा उभे राहते. ती रिकामी असेल तर शरीर स्नायू जाळू लागते. त्यात हृदयाचे आणि श्वासाचे स्नायूही आले. रक्तातील साखर उतरते, अंग गार पडते. साध्या हगवणीने मूल दगावले असे आपण म्हणतो, पण त्याची कणगी आधीच रिकामी झालेली असते.

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. २०१४ साली पालघर जिल्हा झाला आणि २०१६ साली मोखाड्यातील बालमृत्यूंच्या बातम्या पुन्हा पहिल्या पानावर आल्या. माझे म्हणणे असे की, आपले लक्ष नेहमी उशिरा जाते. दौरे आणि चौकश्या पावसाळ्यात होतात, पण मुलाचे त्या पावसाळ्यातले भवितव्य दिवाळी ते ज्येष्ठ या महिन्यांत ठरते. नेमक्या याच काळात अनेक कुटुंबे वीटभट्टीवर गेलेली असतात.

ही कणगी तर जन्माआधीच भरू लागते. पोटातल्या बाळाच्या अंगावर चरबी चढते ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. त्या दिवसांत आई अर्धपोटी विटा वाहत असेल तर बाळ रिकाम्या कणगीनेच जन्माला येते. २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेतील गरोदर बाईचे जेवण म्हणूनच मोलाचे आहे. बाई भट्टीवर गेली तर ते जेवण तिच्यामागे तिथे पोहोचले पाहिजे, ही जबाबदारी शासनाची आणि भट्टीमालकाचीही.

घरी काय करावे? पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध द्या. त्या दुधातील जवळजवळ निम्म्या कॅलरी स्निग्धांशातून येतात. त्यानंतर वरचे अन्न सुरू करताना नुसत्या पातळ पेजेवर भागवू नका, कारण मुलाचे पोट पाण्यानेच भरते. नाचणीच्या घट्ट लापशीत किंवा मऊ भातात चमचाभर तेल घाला. एका छोट्या चमच्यात सुमारे ४० कॅलरी असतात. हृदयविकाराच्या भीतीने मोठ्यांचे तेल कमी करा, दोन वर्षांच्या आतील मुलाचे नको.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन करा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. ‘आमच्या घराण्याची काठीच बारीक’ म्हणून सोडून देऊ नका.

पावसाळ्याआधी आपण घर शाकारतो, लाकडे भरून ठेवतो. त्याच यादीत मुलाचे वजनही असू द्या.