धावपट्टी संपते तिथे काय आहे?

२६ एप्रिल १९९३. औरंगाबादहून मुंबईकडे निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या बोइंगने धावपट्टी सोडली आणि पुढच्याच क्षणी तिचे डावे चाक बीड रस्त्यावरून चाललेल्या ट्रकला लागले. ट्रकमध्ये कापसाच्या गाठी होत्या. गाठी रचलेला ट्रक किती उंच होतो, हे अकोल्या-अमरावतीच्या माणसाला सांगावे लागत नाही. पुढे विमान विजेच्या तारांना धडकून कोसळले. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत ठपका दोघांवर आला. वैमानिकांनी विमान उशिरा उचलले, आणि उड्डाणाच्या वेळी रस्ता थांबवण्याची जबाबदारी विमानतळाच्या यंत्रणेने पाळली नाही. रस्ता धावपट्टीच्या टोकाशी रोजच होता आणि रोज सगळ्यांना दिसत होता.

हा अपघात आज आठवायचे कारण बेलोरा आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी तिथे अमरावतीचे विमानतळ सुरू झाले. १८५० मीटर धावपट्टी झाली, मुंबईचे विमान आले, कित्येक वर्षांची मागणी फळाला आली. एअर इंडियाने इथे ३४ विमानांची प्रशिक्षण संस्था जाहीर केली आहे. वर्षाला १८० वैमानिक घडवण्याचा मानस आहे. वऱ्हाडाच्या पोरांसाठी ही मोठी संधी आहे आणि तिचे स्वागतच आहे. पण प्रशिक्षण म्हणजे दिवसभर चढ-उतार, आणि तेही शिकाऊ हातांनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने पडली. जुलै २०२१ मध्ये शिरपूरहून निघालेले विमान चोपडा तालुक्यात कोसळून प्रशिक्षक दगावले. मार्च २०२३ मध्ये गोंदियाच्या बिरसीहून उडालेल्या विमानातले दोघे परतले नाहीत. ही आपल्याच राज्यातून उडालेल्या विमानांची उदाहरणे आहेत.

त्यात आपला उन्हाळा. हवा तापली की विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, आणि चाके जमिनीवरून सुटायला जास्त धावपट्टी लागते. पारा ४५ अंशांवर गेला की अकोल्या-अमरावतीच्या जमिनीवर उभे असलेले छोटे विमान जणू दीड हजार मीटर उंचीवर उभे असल्यासारखे वागते. चिखलदऱ्याची उंची अकराशे मीटरच्या आसपास आहे, एवढे सांगितले की पुरे. अशा दुपारी धाव घेताना इंजिनाने दगा दिला, तर थांबायचे की उडायचे हे ठरवायला वैमानिकाच्या हाती काही सेकंद असतात. थांबायचे ठरले तर पुढे मोकळी जागा हवी. आंतरराष्ट्रीय नियमांत धावपट्टीच्या टोकापुढे असा सुरक्षित पट्टा किमान ९० मीटरचा आहे आणि मोठ्या धावपट्ट्यांसाठी शिफारस २४० मीटरची आहे. किमान मापावर भागवून घ्यायची सवय इथे लागता कामा नये.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. बेलोऱ्याच्या दोन्ही टोकांपुढचे रस्ते, विजेच्या तारा, झाडे, टाक्या आणि बांधकामे यांची पाहणी करून ती लोकांसमोर ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत शिकाऊ उड्डाणे सकाळीच आटोपतील, असा वेळापत्रकाचा नियम करा. कुंपण असे बांधा की रोही आणि रानडुकरे आत येणार नाहीत. पोहरा-मालखेडचे जंगल तिथून फार लांब नाही. अग्निशमनाची गाडी आणि प्रशिक्षित माणसे प्रवासी विमानाच्या वेळेपुरती नकोत, शेवटचे शिकाऊ विमान उतरेपर्यंत हवीत.

अकोल्याबद्दल तर हे आत्ताच बोलले पाहिजे. तिथल्या शिवणी विमानतळाची धावपट्टी जेमतेम १४०० मीटरची. ती वाढवायचा प्रश्न जमिनीपाशी वर्षानुवर्षे अडत आला आहे. धावपट्टी वाढावी, विमान यावे, हीच आमचीही इच्छा आहे. पण उद्या जमीन मिळाली की उद्घाटनाच्या घाईत सगळी धावपट्टीतच घालायची आणि टोकाला रस्ता किंवा वस्ती टेकलेली ठेवायची, असे होऊ नये. मोजणी होईल तेव्हा टोकापुढच्या २४० मीटरचीही मोजणी त्याच दिवशी, त्याच नकाशावर व्हावी. तो नकाशा जिल्हाधिकारी कार्यालयात कोणालाही पाहता आला पाहिजे.